जुन्या जीपचे गंजून जाम झालेले नट-बोल्ट कसे काढायचे? तारेच्या ब्रशपासून ड्रिलपर्यंत, क्रमाने

फोन हँग झाला की आपण थेट फॅक्टरी रिसेट मारत नाही. आधी रिस्टार्ट, मग कॅश क्लिअर, मग ॲप काढून परत टाकणं, आणि रिसेट सगळ्यात शेवटी. कारण एकदा रिसेट मारला की मागे येता येत नाही. जुन्या गाडीतला जाम बोल्टसुद्धा याच क्रमाने काढायचा असतो. ज्या उपायाने काही बिघडत नाही तो आधी, आणि ज्यानंतर परतीचा रस्ता नाही तो सगळ्यात शेवटी. बोल्ट तुटतात ते बहुतेक वेळा हा क्रम उलटा झाल्यामुळे, म्हणजे पहिल्याच मिनिटाला पान्याला चार फुटी पाइप लावल्यामुळे.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, पण आमच्या घरी एक जुनी महिंद्रा जीप आहे आणि सुट्टीत गावी आलो की तिच्याखाली बराच वेळ जातो. या लेखात आपण जाम बोल्ट का होतो, तो कोणत्या क्रमाने सोडवायचा आणि कुठे थांबून मेकॅनिककडे जायचं, हे सगळं पाहूया.

आपण कोणत्या गाडीबद्दल बोलतोय?

महिंद्राने १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकन विलीज जीप भारतात जोडायला सुरुवात केली. पुढे सीजे ३बी हे मॉडेल कित्येक वर्षं इथेच बनत राहिलं. १९८० च्या दशकात एमएम ५४० आली. तिच्यात फ्रान्सच्या प्यूजोच्या डिझाइनचं २११२ सीसीचं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन होतं. नंतरची कमांडर तर खानदेशात सगळ्यांनी पाहिलेली आहे. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या भागात काळी-पिवळी म्हणून किंवा शेतावरची गाडी म्हणून अशा जीप वर्षानुवर्षं पळाल्या.

आता यात जोखीम काय ते बघा. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांनी संपतं आणि नंतर फिटनेस तपासून दर ५ वर्षांनी वाढवून घ्यावं लागतं. समजा एमएच-१८ किंवा एमएच-१९ ची जुनी जीप पासिंगला न्यायची आहे, त्याआधी ब्रेकचं काम करायचं आहे, आणि ब्रेकमधली हवा काढायचा निपल तुटला. १० मिनिटांचं काम होतं, आता सिलिंडर बदलेपर्यंत गाडी जागेवरून हलवता येत नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा स्टड हेडमध्येच तुटला, तर कधी कधी अख्खं हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यावं लागतं. बोल्ट काही रुपयांचा, खर्च हजारांत.

बोल्ट जाम का होतो?

लोखंड गंजलं की त्याची जागा जी गंज घेते, ती मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापते. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये फट असते केसाएवढी. तिथे गंज फुगला की तो पाचर ठोकल्यासारखा दोन्हीकडे दाबतो. म्हणून जाम बोल्टमध्ये दोन वेगळे जोर एकत्र काम करत असतात, मूळचा आवळलेला ताण आणि वरून गंजाचा दाब.

खानदेशात उन्हाळा कोरडा असतो, पण पावसाळ्यात काळी माती चॅसीला, पाट्यांना आणि शॅकलला चिकटून बसते. ती वाळल्यासारखी दिसते, पण आत बरेच दिवस ओल धरते. केळीच्या पट्ट्यातल्या गाड्यांमध्ये आणखी एक गोष्ट असते. खताची पोती वाहताना सांडलेलं पोटॅश. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊ. क्लोराइड असलं की गंज जास्त वेगाने चढतो. त्यामुळे मागच्या हौद्याचे बोल्ट पुढच्यांपेक्षा वाईट अवस्थेत असले तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

पाना लावण्याआधी: हा बोल्ट इंचाचा की मिलिमीटरचा?

हा भाग सोडून पुढे जाऊ नका. जुन्या महिंद्रा जीपचा सांगाडा विलीज घराण्याचा, म्हणजे इंचाच्या मापाचा. प्यूजोचं इंजिन मात्र मिलिमीटरच्या मापाचं. एकाच गाडीत दोन भाषा. त्यात इतक्या वर्षांत कुठल्या मेकॅनिकने कुठला बोल्ट टाकला असेल ते सांगता येत नाही.

नेहमी गोंधळ होणारी मापं अशी:

- १/२ इंच म्हणजे १२.७ मिमी. यावर १३ चा पाना बसतो, पण ०.३ मिमी सैल.
- ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिमी. १४ चा पाना जात नाही, १५ चा फिरून कोपरे खातो.
- ५/८ इंच म्हणजे १५.८८ मिमी. १६ चा पाना बऱ्यापैकी चालतो.
- ११/१६ इंच म्हणजे १७.४६ मिमी. १७ जात नाही, १८ सैल.
- ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिमी. १९ चा पाना जवळपास तोच.

साध्या बोल्टवर ०.३ मिमी चालून जातं. जाम बोल्टवर तेवढ्यानेच डोकं गोल होतं. म्हणून इंचाच्या गोट्यांचा एक छोटा सेट जवळ ठेवाच. आणि गोटी १२ कोपऱ्यांची नको, ६ कोपऱ्यांची घ्या. ६ कोपऱ्यांची गोटी नटच्या सपाट बाजूंवर जोर देते, १२ वाली कोपऱ्यांच्या जवळ पकडते. फिक्स पाना तर दोनच बाजू धरतो, तो जाम बोल्टला लावूच नका.

आट्यांचंही तसंच. ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मिमी जाडीचा असतो आणि एम८ चा ८ मिमी. हाताला फरक कळत नाही, पण आटे वेगळे. चुकीचा नट दोन-तीन फेरे जातो आणि मग अडकतो. कधी कधी आपण ज्याला गंज समजतो ते प्रत्यक्षात कुणीतरी जबरदस्तीने चढवलेला असा नट असतो.

उलटे आटे विसरू नका

विलीज घराण्याच्या जुन्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांना उलट आट्यांचे स्टड सापडू शकतात. म्हणजे तो नट सोडायचा असेल तर घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. स्टडच्या तोंडावर बहुतेक वेळा इंग्रजी 'एल' कोरलेला असतो. माती पुसून आधी तो शोधा. नाहीतर तुम्ही तासभर नट आवळत बसाल आणि म्हणाल, "जाम झालाय यार!"

दुसरी गंमत म्हणजे, गाडीखाली पाठीवर झोपलं की दिशा डोक्यात उलटी होते. नियम एकच, नटच्या तोंडाकडे बघून ठरवायचं, स्वतः कसे झोपलोय यावरून नाही.

सुरक्षितता: एवढं केल्याशिवाय गाडीखाली जायचं नाही

- नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जाऊ नका. चॅसीखाली घोडी लावा, उरलेल्या चाकांना दगड लावा. जाम बोल्टला झटके देताना गाडी हलते.
- गॉगल हवाच. गंजाचे कण आणि हातोड्याने उडालेला तुकडा थेट डोळ्यात येतो.
- पाना आपल्याकडे ओढा, पुढे ढकलू नका. ढकलताना सुटला तर हाताची ढोपरं चॅसीवर आपटतात.

पायरी १: साफसफाई

तारेच्या ब्रशने नटच्या बाहेर आलेले आटे चकचकीत होईपर्यंत घासा. हे दोन कारणांसाठी. एक, माती आणि रंगाचा थर असेल तर तेल आत जात नाही. दुसरं, नट सुटल्यावर त्याला याच आट्यांवरून बाहेर यायचं आहे. ते खराब असतील तर सुटलेला नट अर्ध्या वाटेत परत अडकतो आणि बोल्ट तिथेच पिळून तुटतो.

पायरी २: तेल, आणि खरोखरची वाट बघणं

गंज सोडवायला पेनिट्रेटिंग ऑइल हवं, म्हणजे अतिशय पातळ, बारीक फटीत शिरणारं तेल. डब्ल्यूडी-४० प्रत्येक घरात असतं. ते १९५३ मध्ये अमेरिकेत पाणी हटवून गंज थांबवण्यासाठी बनलं, आणि नावातला 'डब्ल्यूडी' म्हणजे पाणी हटवणं. साध्या गंजाला ते चालतं, पण जास्त जाम झालेल्या बोल्टला खास पेनिट्रेटिंग ऑइल बरं. गॅरेजमध्ये डिझेल किंवा रॉकेल वापरतात, तेही काम करतं, फक्त वेळ जास्त लागतो. ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं मिसळायचा एक उपायही प्रसिद्ध आहे. ॲसिटोन पटकन पेट घेतं, म्हणून ज्या ठिकाणी नंतर गॅस लावायचा आहे तिथे हे मिश्रण वापरू नका.

खरं औषध मात्र वेळ आहे. संध्याकाळी तेल मारा, वर हलके ठोके द्या, रात्री झोपायच्या आधी परत मारा, आणि पाना सकाळी लावा. फारच वाईट बोल्ट असेल तर दोन-तीन दिवस रोज तेल द्या. पासिंगची तारीख माहीत असते, मग तेल आदल्या आठवड्यातच सुरू करायला काय हरकत आहे?

पायरी ३: हातोडा

बोल्टच्या डोक्यावर सरळ, मध्यभागी ठोके द्या. गंज कडक पण ठिसूळ असतो. ठोक्याच्या धक्क्याने त्याला तडे जातात आणि तेल आत शिरतं. नट असेल तर त्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने ठोका, आणि अशाच सगळ्या बाजू घ्या. बोल्टच्या टोकावरच्या आट्यांवर थेट मारू नका, टोक पसरलं की नट बाहेर येणार नाही.

पंक्चरवाल्याकडची हवेची गन जाम नटवर का चालते, तेही यातच आहे. ती एकदाच मोठा जोर लावत नाही, सेकंदाला अनेक छोटे झटके देते.

पायरी ४: आधी थोडा आवळा, मग सोडा

ऐकायला उलटं वाटतं, पण अगदी किंचित आवळण्याच्या दिशेने जोर दिला की गंजाची पकड मोडते. मग सोडायच्या दिशेने. पाव फेरा सुटला की लगेच खूश होऊन फिरवत राहू नका. पाव फेरा बाहेर, थोडा परत आत, तेल, परत बाहेर. गंजाची भुकटी आट्यांत साचते, तिला जागा करून द्यावी लागते.

इथे थोडा हिशोब बघूया. एक फुटाच्या पान्यावर २० किलोचा जोर दिला तर सुमारे ६० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. तोच जोर तीन फुटी पाइप लावून दिला तर सुमारे १८०. एम१० चा साधा ८.८ ग्रेडचा बोल्ट कंपनीत ५० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात. म्हणजे पाइप लावला की तुम्ही बोल्ट सोडवत नाही, त्याला पिळताय.

हाताला मिळणारी खूण ओळखा. गंज सुटताना 'कट्ट' असा आवाज येतो आणि मग फिरणं जड पण सलग असतं. बोल्ट तुटायला आला की तो रबरासारखा, मऊ फिरतो. असं मऊ लागलं की त्याच क्षणी थांबा आणि पुढच्या पायरीकडे जा.

पायरी ५: उष्णता

लोखंड दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन फुगतं. १२ मिमीच्या नटचं तापमान ३०० अंशांनी वाढवलं तर त्याचं भोक सुमारे ०.०४ मिमीने मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण गंजाचा थर मोडायला तेवढं पुरतं.

यात मुद्दा फरकाचा आहे. नट गरम आणि बोल्ट त्यामानाने थंड हवा. म्हणून ज्योत नटवर धरायची, बोल्टवर नाही. आणि म्हणूनच जळगावच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या उन्हात गाडी उभी करून बोल्ट सुटत नाही, कारण तिथे दोघंही सारखेच तापतात. नट तापवल्यावर त्याच्या कडेला मेणबत्ती टेकवली तर पातळ झालेलं मेण आट्यांत ओढलं जातं, हीही गॅरेजमधली चांगली युक्ती आहे.

पण नियम कडक आहेत:

- डिझेल टाकी, ब्रेकची नळी, रबरी बुश आणि वायरिंगजवळ ज्योत नको. ब्रेक ऑइलसुद्धा पेट घेतं.
- ज्यावर स्प्रेचा ब्रेक क्लीनर मारलाय तो भाग तापवू नका. त्यातल्या क्लोरीनवाल्या द्रावकापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.
- जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट तापवताना धूर येतो, तो श्वासात जाऊ देऊ नका. काम मोकळ्या हवेत करा.
- लाल होईपर्यंत तापवलेला बोल्ट आणि नट दोन्ही भंगारात. उष्णतेने त्यांची ताकद उतरलेली असते. स्टिअरिंग, ब्रेक आणि पाट्यांच्या जागी तो परत लावणं म्हणजे घाटात आत बसलेल्या माणसांशी खेळ आहे.

डोकं गोल झालं तर?

आधी एक माप छोटी गोटी हातोड्याने ठोकून बसवा. इथे इंच आणि मिलिमीटरचा गोंधळ आपल्या उपयोगी पडतो, कारण दोन्ही सेट असले की अधलीमधली मापं मिळतात. नाही जमलं तर ग्रिप प्लायर पूर्ण आवळून लावा. नटच असेल तर नट स्प्लिटरने किंवा छिन्नीने तो उभा फाडा, बोल्टचे आटे वाचतात. शॅकल किंवा यू-बोल्ट नवीनच टाकायचा असेल तर वेळ न घालवता ग्राइंडरने कापा. यू-बोल्ट तसेही परत वापरायचे नसतात.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे वेल्डिंगवाल्याकडून गोल डोक्यावर नवीन नट जोडून घेणं. पकड मिळते आणि तापही नेमका तिथेच बसतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा.

बोल्ट तुटलाच तर?

थोडा भाग बाहेर असेल तर वरचाच वेल्डिंगचा उपाय करा. आतच तुटला असेल तर तोंड सपाट घासून बरोबर मध्यभागी पोगर मारा आणि बारीक ड्रिलपासून सुरुवात करून वाढवत जा. एम८ साठी ६.८ मिमी आणि एम१० साठी ८.५ मिमी ड्रिलपर्यंत गेलं की उरलेले आटे टॅपने साफ होतात. उलट फिरणारं ड्रिल मिळालं तर उत्तम, कधी कधी भोक पाडतानाच तुकडा फिरून बाहेर येतो.

बाजारात मिळणारा स्टड एक्स्ट्रॅक्टर जपून वापरा. तो अतिशय कडक स्टीलचा आणि ठिसूळ असतो. भोकातच तुटला तर साध्या ड्रिलने कापला जात नाही, मग स्पार्क इरोजन मशीन असलेलं वर्कशॉप शोधावं लागतं. जो बोल्ट सहा कोपऱ्यांच्या डोक्याला दाद देत नव्हता, तो त्याहून बारीक एक्स्ट्रॅक्टरला देईल का, हा विचार आधी करा.

हेड, इंजिन ब्लॉक आणि ब्रेक सिलिंडरमधला तुटका बोल्ट मी स्वतः ड्रिल करत नाही. जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसी परिसरात रोज हेच काम करणारे हात आहेत. तुटका भाग जसा आहे तसा घेऊन गेलात तर त्यांचं काम सोपं होतं. अर्धवट, तिरपं भोक पाडून नेलंत तर अवघड.

फोनचा उपयोग

- सोडण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो काढा. कोणता बोल्ट, कोणता वॉशर, कुठल्या बाजूने, हे दोन दिवसांनी आठवत नाही.
- नट आणि त्यातून बाहेर आलेल्या बोल्टच्या टोकावर खडूने किंवा मार्करने एक सरळ रेघ मारा आणि फोटो घ्या. नट खरंच फिरला की बोल्टच पिळला जातोय, ते रेघेवरून लगेच कळतं.
- जिथे डोकं जात नाही तिथे फ्रंट कॅमेरा आणि टॉर्च लावून व्हिडिओ काढा.
- बोल्टच्या डोक्यावरच्या खुणा झूम करून वाचा. ८.८ किंवा १०.९ असे आकडे मिलिमीटरच्या बोल्टवर असतात. इंचाच्या बोल्टवर रेघा असतात, ३ म्हणजे ग्रेड ५, ६ म्हणजे ग्रेड ८. नवीन बोल्ट त्याच ताकदीचा घ्या.

परत बसवताना

आटे टॅप-डायने साफ करा, वाकलेला किंवा बारीक झालेला बोल्ट फेकून द्या. बंपर, हौदा, शॅकल, सायलेन्सर या ठिकाणी आट्यांना अँटीसीझ किंवा कॉपर ग्रीस लावा. ग्रीस लावलेला बोल्ट त्याच टॉर्कला जास्त ताणला जातो, म्हणून जोर थोडा कमी द्या. चाकांच्या नटला मात्र ग्रीस नको, ते कोरडेच आवळायचे आणि ५०-१०० किलोमीटर चालवून परत तपासायचे.

शेवटची सवय अगदी साधी. पावसाळा संपला की गाडीचं पोट पाण्याच्या प्रेशरने धुवा, काळी माती निघू द्या, वाळवा आणि दिसणाऱ्या आट्यांवर थोडं तेल फवारा. पुढच्या पासिंगला तोच बोल्ट एका हाताने सुटेल.